सातव्या खिळ्याची चावी

१

महाळुंगे फाट्यावर सोजरबाईची चहाची टपरी आहे. टपरीच्या आतल्या फळीला बारा खिळे ठोकलेत आणि प्रत्येक खिळ्यावर खडूनं आकडा घातलाय. हे खिळे चाव्यांचे. सणासुदीला फाट्यावर नाकाबंदी लागते तेव्हा पिऊन आलेल्याची गाडी बाजूला घेतात, तिची चावी सोजरबाईकडे येते आणि गडी टपरीसमोरच्या लांब बाकड्यावर बसतो. घरचं शुद्धीतलं माणूस आलं की गडी घरी. गाडी आणि चावी संध्याकाळी ठाण्यात.

आधी चाव्या पोलिसांच्या टेबलावर असायच्या. एकदा एका पिलेल्यानं टेबलच उलथवलं आणि तीन चाव्या उचलून पळाला. तेव्हा हवालदार सोपानराव म्हणाले, "चाव्या बाईपाशी ठिवा. तिच्या हातनं चावी काढायची कुणाची टाप न्हाई." बाई चौथी शिकलेली, पण तोंड असं की ठेकेदारसुद्धा चहाचे सुटे पैसे मोजून ठेवून जायचे. नवरा दारूनं गेलेला. बीडकडून इकडे आली तेव्हा कडेवर विक्की होता. आता विक्की तेवीस वर्षांचा, कंपनीत प्रेसशॉपला कंत्राटावर.

यंदा गुरुवारची कंपन्यांची सुट्टी, शुक्रवारी धुळवड, त्याला जोडून शनिवार-रविवार. चार दिवस रस्त्यावर नुसता धुडगूस. शुक्रवारी सकाळीच विक्की गाडीची चावी बोटाभोवती फिरवत टपरीवर आला.

"आई, नदीवर चाललो. चारपर्यंत येतो."

"कुणाबरोबर?"

"सनी आणि कंपनीतली पोरं."

"आन् नदीवर काय, पाणी प्यायला चाललाव?"

"वर्षातनं एक दिवस असतो गं."

"तुझ्या बापाचा बी रोज एकच दिवस असायचा."

विक्की हसला. त्याच्या चावीला बाटलीचं झाकण उघडायचं ओपनर लावलेलं. सोजरबाईनं तिकडे बोट केलं. "हे बघ, पिऊन गाडीवर आलास तर पोलिसाच्या आधी मीच तुला बाकड्यावर बसवीन. माझ्या हातनं चावी मिळायची न्हाई."

"माहितीये. आजवर मिळालीय का कुणाला?" असं म्हणून त्यानं गाडीला किक मारली.



२

अकराला नाकाबंदी लागली. लोखंडी बॅरिकेड आडवे झाले. सोपानराव शिट्टी घेऊन मधोमध, आणि मिनल नावाची नवी शिपाई फुंकायचं मशीन घेऊन बाजूला. प्रत्येकाला नवी नळी लावायची, फुंकायला सांगायचं, आकडा बघायचा. पोरीचा हात चपळ होता.

"मॅडम, मी फक्त खोकल्याचं औषध घेतलंय," एक पोटवाला हात जोडून म्हणाला.

"फुंका."

"डॉक्टरची चिठ्ठी घरी आहे."

"फुंका हो काका."

मशीन ओरडलं. सोजरबाई टपरीतून म्हणाली, "औषधाचं दुकान कुठलं रं भावा? ते कोपऱ्यावरचं देशीचं का?" बाकड्यावरचे चौघं पिलेले असूनसुद्धा हसले. पोटवाला पाचवा बसला. त्याच्यामागं एक हिरव्या रंगानं माखलेला गडी आला, त्याला आपलं नाव सांगता येईना पण कंपनीचा टोकन नंबर पाठ होता. तो सहावा.

सहा चाव्या सहा खिळ्यांवर गेल्या. सोजरबाईनं आधण ठेवलं, साखर टाकली, आलं ठेचलं. वळून बघते तर सातव्या खिळ्यावर चावी.

"मॅडम, ही कुणाची टांगली?"

मिनलनं हातातली यादी बघितली. "सातवा अजून कुणी नाही, मावशी. सहाच झालेत."

"मग ही?"

"तुम्हीच लावली असेल. धरपकडीत लक्षात राहिलं नसेल."

असेल, सोजरबाई मनाशी म्हणाली. गर्दी किती, हात किती. कुणीतरी आत हात घालून टांगली असेल. तिनं चावी काढली. काळ्या दोऱ्यात ओवलेली एक कवडी तिला बांधलेली होती. देवीची, तुळजापूरची. कवडीच्या पाठीला चिरा गेलेला.

तो चिरा तिला माहीत होता.

तिनं चावी मुठीत दाबली, इकडंतिकडं बघितलं आणि लुगड्याआड कमरेच्या पिशवीत कोंबली. आधण उतू जाऊन गॅस विझला, तेव्हा कुठं तिला वास आला.

३

मागच्या धुळवडीची गोष्ट. वेळ साडेचारची. सोपानराव निलगिरीमागं डबा खायला बसले होते. बाकड्यावरनं एक पोरगं उठून टपरीशी आलं. तोंडाला, केसांना, हातांना सिल्व्हरचा रंग फासलेला. डोळे तेवढे माणसाचे.

"मावशी, चावी द्या की."

"गप बस जाऊन."

"दुसरी शिफ्ट हाय मावशी. सुट्टीची डबल हजेरी. न्हाई गेलो तर ठेकेदार उद्या गेटावरनंच हाकलतंय."

"प्यायच्या आधी आठवली न्हाई का शिफ्ट?" सोजरबाई म्हणाली. तिथंच थांबली असती तर बरं झालं असतं. पण त्याच्या बोलण्यातला हेल कानाला ओळखीचा लागला आणि तिनं विचारलं, "कुठला रं तू?"

"केजचा."

केज म्हणजे तिचं माहेर. फाट्यावर सगळ्या मुलखाची माणसं चहा पिऊन जातात, पण तो हेल तिनं कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. आमदाराच्या फोनला न वाकलेली बाई एका तालुक्याच्या नावाला वाकली. नाव विचारलं, तर ज्योतीराम म्हणाला. तिनं सातव्या खिळ्यावरची कवडीची चावी काढली, त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "हळू जा."

पाच मिनिटं झाली असतील. कंपनीच्या वळणावरनं कंटेनरचा भोंगा आला. एकदा वाजून थांबला नाही. वाजतच राहिला, जसं कुणी हात त्याच्यावरनं काढायलाच विसरलंय.

सोपानराव संध्याकाळी आले तेव्हा त्यांच्या पँटला गुडघ्यापर्यंत धूळ होती. "पोर जाग्यावरच गेलं. चावी तर हितं हुती ना, बाई?"

"मी पाठमोरी होते, साहेब," सोजरबाई म्हणाली. "त्यानंच घेतली."

तसं कागदावर चढलं. चावी कागदांबरोबर ठाण्यात गेली. चार दिवसांनी केजवरनं ज्योतीरामची आई आली आणि टपरीसमोर उभी राहून विचारू लागली, माझं लेकरू चोर न्हवतं हो, त्यानं चावी कशी चोरली? सोजरबाईनं तिला चहा दिला. पैसे घेतले नाहीत. आणि काही बोललीही नाही.

४

दुपारी ऊन डोक्यावर आलं आणि रंगलेली तोंडं दुप्पट झाली. निळी, हिरवी, पण जास्त सिल्व्हरची. सिल्व्हर फासलं की माणूस ओळखू येत नाही. नाक, गाल, ओठ सगळं एकाच पत्र्यातनं ठोकून काढल्यासारखं दिसतं.

मिनल बाकड्यापाशी उभी राहून बोटानं मोजत होती. "साहेब, यादीत नऊ आहेत. बाकड्यावर दहा कसे?"

"एखाद्याचा मैतर बसला आसंल," सोपानराव म्हणाले.

"ते शेवटचे, सिल्व्हरवाले. त्यांना मी आणलेलं नाही."

बाकड्याच्या टोकाला एक गडी मान खाली घालून बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर. शेजारचा पोटवाला एकेक टपली मारून सगळ्यांना जागं ठेवत होता, पण टोकाच्या माणसाकडं त्याचा हात जात नव्हता. मधे वीतभर जागा सोडून तो सरकून बसला होता, आणि का ते त्याचं त्यालाही ठाऊक नसावं.

"ओ दादा, फुंका," मिनलनं नवी नळी लावून मशीन त्याच्या तोंडाशी धरलं.

त्यानं तोंड नळीला लावलं. गाल फुगले. मशीन काही बोललं नाही.

"जोरात फुंका."

पुन्हा गाल फुगले. मिनलनं मशीन हलवलं, उलटं करून बघितलं. "दोनदा झालं. श्वासच येत नाहीये म्हणतंय."

"बॅटरी गेली आसंल. पुढचा घे," सोपानराव म्हणाले.

मिनलनं ते शेजारच्या पोटवाल्याच्या तोंडाशी धरताच मशीन ओरडलं. बॅटरी ठीक होती.

सोजरबाई दहा ग्लास घेऊन बाकड्याकडं गेली. नाकाबंदीत धरलेल्याला पहिला चहा फुकट, हा तिचाच नेम. चहा पोटात गेला की शिव्या कमी येतात. नऊ हात पुढं आले. दहावा ग्लास तिनं टोकाला बाकड्यावर ठेवला आणि खाली न बघता परत आली. कमरेच्या पिशवीत कवडी तिच्या पोटाला रुतत होती.

उन्हानं असं होतं, ती मनाशी म्हणाली. सकाळपास्नं पोटात काही नाही. ठाण्यातनं जुन्या चाव्या कुणी भंगारात काढल्या असतील, कुणाच्या हातनं फिरत आल्या असतील. चिरा काय, हजार कवड्यांना असतो.

अर्ध्या तासानं ग्लास गोळा करायला गेली. बाकड्याचं टोक रिकामं होतं. दहावा ग्लास काठोकाठ भरलेला, वर जाड साय धरलेली. सायीवर एक माशी बसली होती आणि हलत नव्हती. तो ग्लास तिनं उचलला नाही.

५

चारच्या पुढं विक्की आला. एका हातानं गाडी चालवत, दुसरा हात वर करून, काहीतरी ओरडत. डोक्यापास्नं पायापर्यंत सिल्व्हर. सोजरबाईनं आवाजानं ओळखला. गाडीचा सायलेन्सर त्यानं बदलून घेतला होता आणि तो फाटका फटफटाट तिला अर्ध्या मैलावरनं कळायचा.

मशीन ओरडलं. मिनलनं आकडा बघितला, मग सोजरबाईकडं बघितलं. "मावशी, हा तुमचा...?"

"माझा असो न्हाई तर कमिशनरचा," सोजरबाई बाहेर येऊन म्हणाली. "लिवा नाव."

"आई, काय यार, दोन बिअर फक्त!"

"दोन बिअरनं रस्त्याला नागमोडी पडती व्हय? बस तिथं."

"घर इथनं पाच मिनिटांवर आहे."

"पाच मिनिटं लई असत्यात," ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा निघाला की विक्की गाडीवरनं उतरला. बाकड्याच्या टोकाला जाऊन बसला.

सोपानरावांनी ओपनरवाली चावी तिच्या हातात दिली. ती टपरीत गेली. पहिल्या खिळ्यापास्नं बाराव्यापर्यंत बाकी सगळे भरलेले. सातवा तेवढा मोकळा. तिनं चावी खिळ्यापर्यंत नेली आणि तिचा हात हवेतच थांबला.

खिळ्याला खाली ओरखडा होता. नवा. जसं कुणी आत्ताच चावी काढून घेतलीय.

"न्हाई," ती मोठ्यानं म्हणाली. लेकराची चावी तिथं टांगायची नाही. तिनं ती कमरेच्या पिशवीत टाकली, कवडीच्या चावीशेजारी, आणि पिशवीची नाडी दोनदा आवळली. एकुलतं एक पोर. आज ते बाकड्यावर बसलेलं, तिच्या डोळ्यांपुढं. न्यायला कुणी आलं नाही तरी चालेल. रात्र झाली तरी चालेल. ती स्वतः चालत घरी नेणार होती, कान धरून.

"बाई, चार च्या द्या हिकडं," सोपानराव ओरडले.

ती गॅसकडं वळली. पाठमोरी झाली. दोन मिनिटं, फार तर तीन.

६

चहा देऊन आली तेव्हा विक्की टोकाला बसला होता. मान खाली, दोन्ही हात गुडघ्यांवर. सोजरबाई त्याच्या शेजारी टेकली. बाकीचे एकेक करून घरी गेले होते, पोटवाला तेवढा दुसऱ्या टोकाला घोरत होता. सोपानराव डबा घेऊन निलगिरीमागं गेले. मिनल बॅरिकेडपल्याड एका मागं फिरलेल्या गाडीमागं पळाली.

सोजरबाईनं पोराचं मनगट धरलं. सिल्व्हर चिकट झालेलं. त्याखाली हात गार, माठाला हात लावल्यासारखा.

"नदीत डुंबलाव ना भर दुपारचं? गारठलाय हात," ती म्हणाली. "उठायचं न्हाई. मी हाय हितं."

त्यानं मान वर केली नाही. रुसलाय, तिनं धरलं. लहानपणीही असाच रुसायचा.

तेव्हा समोर कुणीतरी उभं राहिलं. उन्हं पश्चिमेला उतरलेली, थेट तिच्या डोळ्यांत, आणि त्यापुढं एक सिल्व्हरचा आकार. हात पुढं केलेला, तळवा वर. ओठ हलत होते. त्याच वेळी एकामागं एक तीन कंटेनर फाट्यावरनं गेले आणि शब्द काही ऐकू आला नाही. ऐकायची गरजही नव्हती. तोच हात. मागच्या वर्षी तोच हात तसाच पुढं आलेला.

हा चावी न्यायला आलाय.

 बाई ती बाईच. तिनं डाव्या हातानं पोराचं मनगट आणखी आवळलं आणि उजव्या हातानं पिशवीची नाडी ओढून तोडली. आत बोटं घातली. ओपनरचं गार लोखंड लागलं, ते बाजूला सारलं. कवडी लागली. गुळगुळीत पाठ, मधे चिरा. तिनं बोटानं दोनदा चाचपली. तीच.

"घे!" तिनं चावी त्याच्या अंगावर भिरकावली. "तुझी हाय, घे आन् जा! माझ्या लेकराच्या वाटंला जाऊ नको!"

त्यानं चावी हवेतल्या हवेत झेलली. थोडा वेळ तिच्याकडं बघत राहिला, जसं त्याला नवल वाटलंय. मग मान हलवून वळला आणि लावलेल्या गाड्यांकडं चालत गेला. पाय जरा वाकडे पडत होते.

 फिटलं, सोजरबाईला वाटलं. वर्षभराचं फिटलं.

किक बसली. मग फाटका फटफटाट झाला.

७

तो आवाज तिला अर्ध्या मैलावरनं कळायचा. इथनं तर दहा पावलांवर होता.

तिनं पिशवीत हात घातला. आत एकच चावी होती. ती बाहेर काढली, उन्हात धरली. काळा दोरा. कवडी.

गाडी बॅरिकेडच्या फटीतनं निघाली. वळणाच्या दिशेनं.

मग हा कोण?

मनगट अजून तिच्या मुठीत होतं. तिनं वळून बघितलं नाही लगेच. बघायला किती वेळ लागला ते तिला पुढं कधीच सांगता आलं नाही. तिनं पदराचं टोक घेतलं, शेजारी अजून ठेवलेल्या त्या दहाव्या ग्लासातल्या गार चहात बुडवलं, आणि वाकलेल्या तोंडावरनं ओढलं. विक्कीच्या डाव्या गालावर तीळ आहे. तिला तीळ बघायचा होता, एवढंच.

सिल्व्हर निघालं. खाली गाल सपाट होता. लाटून ठेवल्यासारखा सपाट, आणि त्यावर रस्त्याच्या खडीचे ठसे.

"मावशी," तो म्हणाला. केजचा हेल. रागाचा नाही, समजुतीचा. "साहेब इचारतील आता. मी पाठमोरी होते म्हणा. त्यानंच घेतली म्हणा."

सोजरबाई उठली. मनगट सोडायला गेली तर बोटं उघडेनात. तशीच, त्याला धरून, ती जन्मात ओरडली नव्हती तशी ओरडली.

"साहेब! ओ सोपानराव! चावी मी दिली! ह्या हातानं दिली! आजची बी आन् मागल्या वरसाची बी! पोर चोर न्हवतं! पुढच्या नाक्याला सांगा, गाडी आडवा! माझा विक्की हाय त्या गाडीवर!"

सोपानराव हातातला घास टाकून धावत आले. मिनलनं पळता पळताच वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "वळणावर कोण आहे? वळणावर कोण आहे? एक सिल्व्हर मुलगा, मोटरसायकल, थांबवा त्याला..." पलीकडनं नुसती खरखर येत होती. मिनलचे डोळे सोजरबाईवर होते, तिच्या आवळलेल्या मुठीवर होते, आणि मुठीच्या पलीकडं पोरीनं एकदाच बघितलं. परत बघितलं नाही.

"बाई," सोपानराव धापा टाकत म्हणाले, "मागल्या वरसाची म्हंजी?"

"मी दिली, साहेब. मी पाठमोरी न्हवते. लिवून घ्या. पर आधी त्याला आडवा."

फटफटाट लांब गेला. बारीक झाला. मग वळणावर पोचला असावा, कारण तो एकदम बंद पडला. कुणी थांबवला म्हणून का कसा, ते इथनं दिसत नव्हतं. वॉकीटॉकीची खरखरही थांबली. फाट्यावर तिघं वळणाकडं बघत उभे होते.

मग वळणावरनं भोंगा सुरू झाला.

आणि सोजरबाईच्या मुठीतलं ते गार मनगट हळूहळू जित्या माणसासारखं गरम व्हायला लागलं.